ऐकणारे घर : खानदेशाने दिलेला एक धडा

मुलांच्या सर्जनशीलतेचा विषय निघाला की पालकांचे आणि शिक्षकांचे लक्ष साहजिकच शाळेकडे, स्पर्धांकडे, चित्रकलेच्या परीक्षांकडे आणि अलीकडे शिकवणी वर्गांकडे वळते. घराचा विचार त्यात क्वचितच होतो. घर म्हणजे जेवण्याचे, झोपण्याचे आणि मुलांना अभ्यासाला बसविण्याचे ठिकाण. नवे काही सुचावे, रुजावे आणि वाढावे ते मात्र घराबाहेर, असे आपण गृहीत धरून चालतो. घरातील मोठ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मनाच्या वाढीचा प्रश्न तर बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

ही समजूत तपासून पाहावयाची असेल तर खानदेशासारखा दुसरा प्रदेश नाही. १९०६ मध्ये पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पुढे त्यांतून जळगाव आणि धुळे हे जिल्हे आकाराला आले आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कापूस, केळी आणि ज्वारी-बाजरीच्या या मुलखाने मराठीला जे दिले, त्यातील फार मोठा भाग चुलीजवळ, जात्यावर आणि आईच्या सहवासात जन्मलेला आहे. तो आपल्यापर्यंत पोहोचला याचे कारण मात्र वेगळे आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी लक्षपूर्वक ऐकले आणि ऐकलेले लिहून ठेवले. निर्मितीचा अंकुर घरोघरी असतो. तो जगतो की करपतो, हे बऱ्याच अंशी घरातील ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. या लेखात हा मुद्दा खानदेशातील काही उदाहरणांच्या आधारे मांडावयाचा आहे.

असोद्याची लेक, जळगावची सून

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे येथे महाजन कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी, १८९३ मध्ये, जळगावच्या नथुजी खंडूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. अक्षरओळख त्यांना अखेरपर्यंत नव्हती. १९१० मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांना वैधव्य आले. एक मुलगी, दोन मुलगे आणि शेतीचा सारा भार अंगावर पडला. थोरला मुलगा ओंकार याला प्लेगच्या दुखण्याने कायमचे अपंगत्व आले. शेतातील राबणे, घरातील दळणकांडण, सणवार आणि नात्यागोत्याचे व्यवहार यांतच त्यांचे आयुष्य गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांचे निधन झाले.

अशा या आयुष्यात कवितेला जागा कोठे होती? वेगळी जागा नव्हतीच. कविता कामातच होती. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटाचा खुंटा हाताने फिरत असतो, तेव्हा त्या फेऱ्यांची एक लय शरीरात भिनते आणि शब्द त्या लयीवर आपोआप बसू लागतात. मराठी ओवी याच लयीत वाढली. बहिणाबाईंनी परंपरेने आलेली ओवी नुसती गाइली नाही; तिच्यात त्यांनी आपले पाहणे मिसळले. सुगरणीने झाडाला टांगलेला खोपा, विहिरीवरची मोट, पेरणी, कापणी, मळणी, माणसाचे चंचल मन, संसारातील चटके, माहेरची वाट हे त्यांचे विषय. यांतील एकही विषय त्यांना घराबाहेर किंवा शिवाराबाहेर शोधावा लागला नाही. भाषाही त्यांनी घरचीच घेतली. लेवा गणबोलीतील त्यांचे शब्द आज सर्व महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले आहेत.

येथे सर्जनशीलतेचा अर्थ स्पष्ट होतो. समोर असलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आणि जे दिसले त्याला स्वतःचे रूप देणे म्हणजे सर्जन. हे रूप गाण्याचे असेल तसे गोधडीच्या नक्षीचे, दारापुढच्या रांगोळीचे किंवा मोडलेल्या अवजाराच्या नव्या जोडणीचेही असू शकते. नव्या पद्धतीने केलेली पेरणी, मुलाने विचारलेला अनपेक्षित प्रश्न हीदेखील त्याचीच रूपे होत. कलावंत होणे हा त्यातील एक भाग झाला. मनाने जागे राहणे हा त्याहून मोठा भाग आहे, आणि तो प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे.

ऐकणारा कान, लिहिणारा हात

बहिणाबाईंची गाणी हवेत विरून गेली नाहीत, याचे श्रेय त्यांच्या घराला आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव सोपानदेव (१९०७–१९८२) हे पुढे स्वतः नामवंत कवी झाले. त्यांच्या शालेय वयातील एक हकीकत नोंदलेली आहे. पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांनी आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या तोंडून त्या कथेवरचे गाणे ऐकू आले. मुलगा चकित झाला आणि त्याने ते वहीत उतरवून घेतले. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी पुढे अशी अनेक गाणी टिपून ठेवली.

या छोट्या प्रसंगात घरातील शिक्षणाची सर्व अंगे आलेली आहेत. मुलगा शाळेत शिकलेले आईपुढे वाचतो; म्हणजे शाळेतील ज्ञान घरात येते. निरक्षर आई ते ऐकते आणि आपल्या लयीत, आपल्या बोलीत नव्याने मांडते. म्हणजे घर त्या ज्ञानात भर घालते. मुलगा ती भर ओळखतो आणि लिहून ठेवतो. म्हणजे शिक्षणाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. लहान मोठ्याला शिकवितो, मोठा लहानाला शिकवितो आणि दोघेही वाढतात. अक्षरओळख नसलेल्या आईला शिकविण्यासारखे काय येणार, असे त्या मुलाला वाटले असते, तर मराठी कविता एका ठेव्याला मुकली असती.

आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. हे अस्सल सोने महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा अपराध ठरेल, असे अत्रे यांना वाटले. १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. आयुष्यभर गाणी रचणाऱ्या या कवयित्रीच्या पहिल्या संग्रहात कविता होत्या अवघ्या ३५. पुढील आवृत्त्यांत आणखी काही रचनांची भर पडली. पण दळताना, निंदणी करताना, वाट चालताना रचलेली किती गाणी कोणाच्याच कानी पडली नाहीत, याचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही. जे उरले ते वहीमुळे उरले. स्वतः बहिणाबाईंना छापलेले पुस्तक पाहावयास मिळाले नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. घराने वेळेवर ऐकले तरी समाजाच्या कानापर्यंत ते पोहोचण्यास उशीर झाला.

२०१८ मध्ये जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीला शाळेत जाता आले नाही, तिचे नाव आज हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते. हा गौरव योग्यच आहे. तथापि, त्याचा खरा अर्थ पटावयाचा असेल तर आज आपल्या घरात जी बहिणाबाई बोलत आहे, तिचे बोलणे कोणी ऐकत आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा लागेल.

धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

दुसरे उदाहरण धुळ्याचे आहे. त्याची सुरुवात मात्र खानदेशाबाहेर, बडोद्यात राहणाऱ्या एका मराठी घरात झाली. विनोबा भावे यांच्या आई रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनाला जात असत. संस्कृत श्लोक त्यांना समजत नसत. मुलाने त्यांना गीतेचे मराठी रूपांतर आणून दिले. तेही त्यांना कठीण वाटले. तेव्हा, तूच सोप्या मराठीत गीता का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. १९१८ मध्ये रुक्मिणीबाईंचे निधन झाले. आईचा प्रश्न मात्र मुलाच्या मनात राहिला. १९३०–३१ मध्ये विनोबांनी गीतेचे सुबोध मराठी समश्लोकी रूपांतर केले आणि त्याचे नाव ‘गीताई’ ठेवले. गीता आणि आई या दोन्ही शब्दांचा संगम त्या नावात आहे.

रुक्मिणीबाईंनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. मला कळत नाही, हे त्यांनी संकोच न बाळगता सांगितले आणि मुलावर विश्वास टाकला. घरातील मोठ्या माणसाने आपले अज्ञान मोकळेपणाने बोलून दाखविणे आणि मुलाला ‘हे तुला जमेल’ असे सुचविणे, यात केवढी प्रेरक शक्ती असते, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

पुढे १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे अठरा रविवार त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती बोललेली प्रवचने होती. त्यांचे हस्तलिखित आधी तयार नव्हते. श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती जवळजवळ शब्दशः उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणातून उभा राहिला आणि अनेक भारतीय भाषांत गेला. जळगावच्या घरात जे सोपानदेवांनी केले, तेच धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी केले. दुसऱ्याचे बोलणे मोलाचे मानून ते जपून ठेवणे, हेही सर्जनच होय. लिहिणाऱ्याचीही त्यातून वाढ होते.

साने गुरुजींची स्वतःची वाढ त्यांच्या आईच्या सहवासात झाली होती. आई यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहिली. एकेका रात्री सांगितलेली एकेक आठवण, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. तीत गरिबीच्या प्रपंचातील साध्या गोष्टी आहेत. आईच्या रोजच्या वागण्या-बोलण्यातून मुलाच्या मनात साठलेले दीर्घ काळ टिकते आणि योग्य वेळी पुन्हा उगवते, हेच यातून दिसते.

अमळनेरचे छात्रालय

आईबाप जवळ नसतील तेथे घराचे काम कोणी करावे? अमळनेरने याचेही उत्तर दिले आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि काही वर्षे विद्यार्थ्यांच्या छात्रालयाचे प्रमुखही होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ हे दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. कागद, शाई आणि मुलांविषयीचा जिव्हाळा एवढेच त्याचे भांडवल. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली, परंतु अमळनेरशी जडलेले नाते तुटले नाही.

या हस्तलिखित दैनिकाचा प्रयोग आजही जसाच्या तसा करण्यासारखा आहे. आपल्या घरात, आपल्या वसतिगृहात काल काय घडले, कोणी काय पाहिले, कोणाला काय सुचले, हे दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिहिलेले दिसू लागले की मुलाला आपल्या साध्या दिवसाची किंमत कळते. आपले जगणे लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास त्यातून येतो. पुढील सारी निर्मिती या विश्वासावरच उभी राहते. ज्या अमळनेरात हे घडले, तेथे १९५२ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाचे मंडप काही दिवसांचे असतात. भिंतीवरचे हस्तलिखित मात्र कोणत्याही गावाला वर्षभर चालविता येते.

एक गैरसमज आणि एक आकडा

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. बहिणाबाईंचे उदाहरण सांगताना, कष्टांतूनच काव्य जन्मते, निरक्षर माणसेच खरी प्रतिभावान असतात, असा सूर कधी कधी लावला जातो. तो योग्य नाही. कष्टांनी काव्य दिले असते तर त्या काळच्या प्रत्येक घरात कवयित्री निपजली असती. बहिणाबाई कष्ट असूनही गाइल्या. त्यांना लिहिता-वाचता आले असते तर त्यांची गाणी दुसऱ्याच्या वहीवर अवलंबून राहिली नसती. म्हणून त्यांच्या थोरवीचा आधार घेऊन मुलीच्या शिक्षणाविषयी उदासीन राहणे, हा त्यांचाच अवमान ठरेल.

दुसरी बाब वेळेची. मनाला काही सुचावे यासाठी थोडी तरी मोकळीक लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. हा २०२ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन तासांचा फरक आहे. घरातील स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वविकासाची चर्चा करताना या साडेतीन तासांकडे डोळेझाक करून चालणार नाही. घरातील पुरुषांनी आणि मुलग्यांनी पाणी भरणे, भांडी घासणे, स्वयंपाकाला हात लावणे ही केवळ मदत नव्हे. ज्या मिनिटांत गाणे, वाचन किंवा नुसता निवांत विचार शक्य होतो, ती मिनिटे त्यातून परत मिळतात.

तिसरी बाब जात्याची. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण थांबले, हे चांगलेच झाले. बायकांच्या छातीवरचा एक भार उतरला. मात्र त्याबरोबर ओवी म्हणण्याची जागाही गेली. या हानीची जाणीव काही जाणत्यांना वेळीच झाली. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या. राज्य शासनाच्या लोकसाहित्य समितीने डॉ. सरोजिनी बाबर यांच्या अध्यक्षतेखाली मोठे संकलन प्रसिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. यंत्र आले की लय जाणारच. पण नवी लय शोधण्याची आणि जुनी जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

चौथी बाब बोलीची. जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये २० लाखांहून अधिक होती. २०११ मध्ये ती १९ लाखांच्या खाली आली. काही लोक आपली बोली केवळ ‘मराठी’ म्हणून सांगतात, हेही यामागील एक कारण असू शकते. परंतु आहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या आजीला नातवंडांपुढे गप्प बसावेसे वाटत असेल, तर त्या घरातील एक मोठे दालन बंद झाले असे समजावे. प्रमाण मराठी शिकणे आवश्यकच आहे. त्यासाठी घरची बोली मोडावी लागत नाही. बहिणाबाईंच्या घरात मुलगा प्रमाण मराठीत वाचत होता आणि आई बोलीत गात होती. दोन्ही एकाच छपराखाली सुखाने नांदत होत्या.

कुटुंबाने काय करावे

वरील विवेचनातून कुटुंबापुरते काही साधे नियम निघतात. त्यांना पैसा लागत नाही. थोडी शिस्त मात्र लागते.

पहिला नियम ऐकण्याचा. दिवसातील एक ठरावीक वेळ, बहुधा रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास, घरातील प्रत्येकाने आज पाहिलेले किंवा सुचलेले सांगण्यासाठी राखून ठेवावा. त्या वेळी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद असावेत. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये आणि त्याच्या चुका त्याच वेळी काढू नयेत. या बैठकीत आजी-आजोबा आणि सून यांनाही मुलांइतकाच अवसर मिळावा.

दुसरा नियम वहीचा. घरात सर्वांसाठी एक वही असावी. लहान मुलाचा विनोदी शब्द, आजीची म्हण, आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची आठवण, आईने नव्याने केलेल्या पदार्थाची रीत असे जे लक्षात राहण्यासारखे वाटेल ते तारीख घालून तीत लिहावे. घरातील जुने कागद फेकण्यापूर्वी ते एकदा वाचावेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घराघरांतील जुनी दप्तरे शोधून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली, आणि त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यास स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ तोच वारसा सांभाळीत आले आहे. एका घराला रद्दी वाटणारा कागद उद्या समाजाचे धन ठरू शकतो.

तिसरा नियम प्रश्नाचा. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे सांगावे. त्याने मोठ्यांचा मान कमी होत नाही. रुक्मिणीबाईंच्या अशाच एका ‘कळत नाही’ मधून ‘गीताई’ जन्मली.

चौथा नियम पाहण्याचा. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतात. मुलाला घेऊन तेथे दहा मिनिटे उभे राहावे. पक्षी काडी कोठून आणतो, गाठ कशी घालतो, दार कोणत्या बाजूला ठेवतो, हे त्याला स्वतः शोधू द्यावे. उत्तर आपण आधी सांगून टाकले की पाहणे संपते.

पाचवा नियम सणांचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशातील मुली गुलाबाई बसवितात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि झाकून आणलेला खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी गातात. या सणांत जुन्या गाण्यांबरोबर एखादे नवे कडवे रचण्यास मुलींना उत्तेजन द्यावे. या गाण्या-खेळांत मुलग्यांनाही सामील करून घ्यावे. ध्वनिक्षेपकावर तयार गाणी लावणे सोपे असते, पण त्यात मुलींचा स्वतःचा आवाज हरवतो.

सहावा नियम तुलनेविषयीचा. शेजारच्या मुलाचे गुण किंवा भावंडाचे बक्षीस दाखवून कोणालाही पुढे रेटू नये. एकाला गाणे सुचेल, दुसऱ्याला मोटरपंपातील बिघाड चटकन कळेल, तिसरीला हिशेबातील चूक दिसेल. ज्याची जी वाट त्याला ती सापडेपर्यंत घराने वाट पाहावी.

शिक्षक, पंचायत आणि अधिकारी

शिक्षकांनी पालकसभेचे स्वरूप थोडे बदलावे. गुणपत्रिका आणि हजेरी यांवरच सभा संपते. त्याऐवजी वर्षातून दोन सभांत पालकांनाच बोलते करावे. एखाद्या आईने ओवी म्हणावी, एखाद्या वडिलांनी बियाणे निवडण्याची किंवा बैल पारखण्याची युक्ती सांगावी. आपल्या आईवडिलांकडे शिक्षकही माना वळवून ऐकतात, हे मुलांनी पाहिले की त्यांच्या मनातील घराविषयीचा संकोच गळून पडतो. घरच्या बोलीतील पन्नास शब्द, त्यांचा अर्थ आणि ते कोणाकडून मिळाले त्या व्यक्तीचे नाव, एवढे लिहून आणण्याचा गृहपाठ दिवाळीच्या सुटीसाठी पुरेसा आहे.

ग्रामपंचायतींनी गावातील वाचनालयात एक कोपरा ‘गावच्या वही’साठी राखून ठेवावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ पासून अस्तित्वात आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदानाची तरतूद आहे. जेथे असे ग्रंथालय आहे तेथे या वहीची सोय सहज होऊ शकेल; जेथे नाही तेथे शाळेचे कपाटही चालेल. आता बहुतेक घरांत मोबाइल असल्याने वृद्ध स्त्रियांची गाणी त्यांच्याच आवाजात नोंदविता येतील. यात दोन पथ्ये पाळावीत. गाणाऱ्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी, आणि नोंदीवर तिचे नाव न विसरता घालावे. शतकानुशतके अनामिक राहिलेल्या कवयित्रींना निदान आता तरी नाव मिळाले पाहिजे.

विकास योजना राबविणाऱ्या अधिकाऱ्यांनी नळाचे पाणी, स्वयंपाकाचा गॅस, अंगणवाडी आणि रस्ता यांकडे या दृष्टीनेही पाहावे. डोक्यावरचा हंडा उतरला म्हणजे केवळ कष्ट वाचत नाहीत. एका माणसाला स्वतःसाठी वेळ मिळतो. तो वेळ वाचनासाठी, बचत गटाच्या बैठकीत निर्भयपणे बोलण्यासाठी, मुलाच्या शेजारी नुसते बसण्यासाठी वापरला जाईल, असे वातावरण निर्माण करणे हा विकासाचाच भाग आहे. महिला ग्रामसभेत किती स्त्रिया उपस्थित होत्या याची नोंद होते. किती जणी बोलल्या आणि त्यांचे कोणते म्हणणे लिहून घेतले गेले, याचीही नोंद व्हावी.

प्रत्येक घरातून बहिणाबाई किंवा विनोबा निर्माण होतील, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. तसे होण्याची गरजही नाही. घरातील प्रत्येकाला आपले म्हणणे मांडता यावे, ते ऐकले जावे आणि त्यातील चांगले ते जपले जावे, एवढे झाले तरी माणसे मनाने वाढतात आणि घर नांदते राहते. याचा आरंभ करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक कोरी वही आणि संध्याकाळचा अर्धा तास प्रत्येक घराला आजच बाजूला काढता येण्यासारखा आहे.